तोच बोका, तोच उंदीर

सुट्टीची दुपार. जेवणे आटोपली आहेत, स्वयंपाकघरातली आवराआवर अद्याप चालू आहे आणि दिवाणखान्यात आजोबा व सात वर्षांचा नातू ‘टॉम अँड जेरी’ पाहत बसले आहेत. असे दृश्य आज अनेक घरांतून दिसते. दोन भाग होतात. नातू हसून हसून गादीवर लोळतो. आजोबाही वर्तमानपत्र बाजूला ठेवून हसतात. मग तिसरा भाग सुरू होतो. नाव तेच, राखाडी बोका तोच, तपकिरी उंदीर तोच. तरीही मिनिटभरातच नातवाचे हसू थांबते.

“आजोबा, हे खरे टॉम आणि जेरी नाहीत.”

“अरे, तेच तर आहेत. नाव नाही का पाहिलेस?”

“नाव तेच आहे. पण हे ते नाहीत.”

आजोबांना हा बालहट्ट वाटतो. वस्तुस्थिती अशी आहे, की नातवाचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पडद्यावर चालू असलेला भाग ज्यांनी टॉम आणि जेरी निर्माण केले, त्यांनी बनविलेला नव्हे. तो अमेरिकेत तयार झालेलाही नव्हे. तो 1962 च्या सुमारास प्राग शहरात, अत्यल्प खर्चात, मूळ मालिकेचे मोजकेच भाग पाहिलेल्या कलावंतांच्या हातून तयार झाला. ज्या मुलाला इंग्रजी श्रेयनामावली वाचता येत नाही, ज्याला प्राग कोठे आहे हे ठाऊक नाही, त्याने हा फरक एका मिनिटात ओळखावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विशेषतः ज्या घरांचा उदरनिर्वाह नावावर आणि नावामागच्या पतीवर चालतो, त्या घरांनी तर ती अवश्य समजून घ्यावी.

या जोडीचा जन्म 1940 चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघे तरुण मेट्रो-गोल्डविन-मायर, अर्थात एमजीएम, या हॉलिवूडमधील कंपनीच्या कार्टून विभागात नोकरीस होते. यांपैकी बार्बेरा हे आरंभी न्यूयॉर्कमधील एका बँकेत काम करीत असत आणि फावल्या वेळात चित्रे काढून नियतकालिकांना विकत असत. दिवसभर आकडेमोड आणि रात्री रेखाटन, असा त्यांचा क्रम होता. हॅनांनी बांधकाम अभियांत्रिकीचा अभ्यास आरंभला होता. परंतु 1929 नंतरच्या महामंदीमुळे त्यांना शिक्षण सोडावे लागले. बार्बेरांच्या हाती रेषा आणि गोष्ट होती, तर हॅनांजवळ वेळेचे अचूक भान होते. एकाने प्रसंग रचायचा आणि दुसऱ्याने तो क्षणाच्या कोणत्या अंशाला घडावा हे ठरवायचे, अशी त्यांची भागी जमली.

त्यांचा पहिला भाग 10 फेब्रुवारी 1940 रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी बोक्याचे नाव जॅस्पर होते. टॉम आणि जेरी ही नावे नंतर आली. विभागाचे प्रमुख फ्रेड क्विंबी यांना या विषयात फारसे काही दिसले नव्हते. मांजर आणि उंदीर यांची जोडी तोवर पुष्कळांनी रंगविली होती. परंतु त्या पहिल्याच भागास ऑस्करसाठी नामांकन मिळाले आणि टेक्सासमधील चित्रपटगृह-व्यवसायातील एका महिलेने पत्र पाठवून असे आणखी भाग केव्हा येणार, अशी विचारणा केली. गिऱ्हाईकाची मागणी आली आणि मग मालिका उभी राहिली. 1940 ते 1958 या काळात या दोघांनी 114 भाग केले आणि त्यांतील सात भागांना ऑस्कर पारितोषिके लाभली.

या यशाचे रहस्य पाठलागात किंवा मारामारीत शोधले तर हाती काहीच लागत नाही. ते दोन पात्रांमधल्या नात्यात आहे. टॉम जेरीला पकडू पाहतो. परंतु जेरी खरोखरच नाहीसा झाला, तर टॉमचे दिवस रिकामे होतील, हे दोघांनाही ठाऊक असते. टॉमला जो मार बसतो, तो बहुधा त्याच्याच कारस्थानाचे फळ असते. त्याने लावलेला सापळा त्याच्यावरच उलटतो, त्याने उचललेली काठी त्याच्याच डोक्यात बसते. म्हणून मूल निर्धास्तपणे हसते. या जगात न्याय आहे, हे त्याला कोणी न सांगता उमगलेले असते. शिवाय या सर्वाला स्कॉट ब्रॅडली यांच्या संगीताची साथ असे. पात्र पाऊल उचलते तेथे सूर चढतो, पाऊल टेकते तेथे उतरतो. 1947 सालच्या ‘द कॅट कन्सर्टो’ या भागात टॉम भर सभागृहात पियानोवर लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवितो आणि पियानोतच झोपलेला जेरी जागा होऊन त्याची फजिती करतो. त्यात एक शब्दही नाही. पण चिमुरड्यापासून वृद्धापर्यंत कोणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मग हे सारे बंद का पडले? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. एमजीएमच्या लक्षात आले, की जुनेच भाग पुन्हा चित्रपटगृहांत लावले, तरी नव्या भागांच्या जवळपास उत्पन्न मिळते. मग नव्यावर खर्च करावाच कशाला? 1957 मध्ये कार्टून विभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि तो एका दूरध्वनीने कळविण्यात आला. हॅना आणि बार्बेरा यांनी त्याच वर्षी स्वतःची संस्था काढली आणि ते दूरचित्रवाणीकडे वळले. तयार असलेले उरलेले भाग 1958 पर्यंत प्रदर्शित होत राहिले.

काही वर्षांतच कंपनीला पुन्हा नव्या भागांची गरज भासली. कारागीर गेले होते. नाव मात्र कंपनीच्या मालकीचे होते. ते नाव वापरून कमी दरात माल कोण तयार करून देईल, याचा शोध सुरू झाला आणि काम मिळाले विल्यम स्नायडर या निर्मात्याच्या रेम्ब्रांट फिल्म्स या संस्थेला. तिचे दिग्दर्शक होते जीन डाइच.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. डाइच हे सुमार कलावंत नव्हते. ‘मन्रो’ नावाच्या त्यांच्या लघुपटास 1960 सालचे ऑस्कर मिळाले होते. चार वर्षांच्या मुलाची चुकून सैन्यात भरती होते, अशी ती हृद्य कथा. 1959 मध्ये ते कामानिमित्त दहा दिवसांसाठी म्हणून प्रागला गेले, तेथील एका सहकारी स्त्रीशी त्यांचा विवाह झाला आणि 2020 मध्ये वयाच्या 95 व्या वर्षी निधन होईपर्यंत ते त्याच शहरात राहिले. प्रागमधील चित्रकारही कुशल होते. त्या देशाला कार्टून आणि बाहुलीपटांची स्वतःची उत्तम परंपरा होती.

उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक भागासाठी सुमारे 10,000 डॉलर एवढीच रक्कम मंजूर होती; मूळ भागांवर याच्या कितीतरी पट खर्च होत असे. चेक चित्रकारांनी मूळ मालिका जवळजवळ पाहिलेलीच नव्हती. साम्यवादी देशात ती त्यांच्यापर्यंत पोहोचणार तरी कशी? आणि खुद्द डाइच यांना ही मालिका आवडत नव्हती. तिच्यात निरर्थक हिंसा आहे, असे त्यांचे मत होते. म्हणजे पैसा अपुरा, ओळख अपुरी आणि आवड मुळीच नाही, अशा तीन उणिवा एकत्र आल्या. त्यातून 1961 आणि 1962 या दोन वर्षांत 13 भाग बाहेर पडले.

शीतयुद्धाचे ते दिवस होते. साम्यवादी देशाशी संबंध उघड दिसू नये, म्हणून श्रेयनामावलीत चेक कलावंतांची नावे इंग्रजी वळणाची करून छापण्यात आली. मूळ भागांच्या शेवटी ‘मेड इन हॉलिवूड’ असा जो उल्लेख असे, तो मात्र या भागांच्या शेवटी दिसत नाही. माल कोठे बनला, हे कोणी सांगितले नाही. पण खोटा शिक्काही मारला नाही. व्यापाराची नजर असलेल्या वाचकाला ही बारीकशी गोष्ट बरेच काही सांगून जाईल.

आता नातवाच्या तक्रारीकडे वळू. त्या दुपारी त्याने जो भाग पाहिला, तो 1962 सालचा ‘हाय स्टेक्स’ असावा असे समजू. या भागात टॉमचा मालक म्हणून एक लठ्ठ, तापट गृहस्थ येतो. तो बागेत निखाऱ्यांवर अन्न भाजत असतो. जेरी खोडी काढतो, टॉम त्याच्यामागे धावतो, काहीतरी सांडते, बिघडते आणि मालकाचा संताप अनावर होतो. त्याचा चेहरा लालबुंद होतो आणि तो टॉमला मारू लागतो. हा मालक एकूण तीन भागांत आहे आणि तिन्ही भागांत हीच गत आहे.

मूळ मालिकेतही टॉमला मार कमी बसत नाही. मग फरक कोणता? फरक असा, की येथे टॉमने मालकाचे काही वाकडे केलेले नसते. खोडी जेरीची, शिक्षा टॉमला आणि शिक्षा देणारा त्याच्याहून दसपट बलवान माणूस. मूल मोठ्या माणसाच्या रागाला ओळखते. तो राग त्याने कधी ना कधी, कोठे ना कोठे पाहिलेला असतो. सापळा उलटून टॉमच्या नाकावर बसला, तर ती फजिती ठरते. बलवानाने दुर्बलाला बडविले, तर ती केवळ मारहाण उरते. हसू तेथेच थांबते. हिंसेची ज्यांना नावड होती, त्यांच्याच हातून मालिकेतील सर्वांत बोचरी मारहाण चितारली गेली, हा या प्रकरणातला मोठा विरोधाभास आहे. मूळ खेळातील न्याय ज्याला दिसला नाही, त्याला त्यात केवळ मारच दिसला. आणि म्हणून त्याने केवळ मारच रेखाटला.

बाकीच्या उणिवा कानाला आणि डोळ्याला जाणवतात. हालचाली तुटक आहेत. आवाज एखाद्या रिकाम्या गोदामातून यावा तसा घुमतो. पावलाशी सूर जुळत नाही. पार्श्वभूमी ओकीबोकी वाटते. पण या उणिवा मुलाने एक वेळ माफ केल्या असत्या. नाते बदललेले त्याने माफ केले नाही.

आता हिशेबाकडे पाहू. हे 13 भाग आर्थिकदृष्ट्या फसले असतील, अशी कोणाचीही समजूत होईल. तसे घडले नाही. चित्रपटगृहांत ते चांगले चालले. खर्च नाममात्र, उत्पन्न भरघोस. त्या वर्षीचा हिशेब पाहणाऱ्या कोणाही संचालकाने समाधानाने मान डोलावली असती.

परंतु ताळेबंद वाचण्याची सवय असलेला माणूस येथे थबकेल. ही गर्दी नेमकी कशाच्या बळावर आली? प्रेक्षकांनी तिकिटे काढली, ती प्रागच्या भागांची ख्याती ऐकून नव्हे. त्याआधीच्या अठरा वर्षांत 114 भागांनी जो विश्वास मिळविला होता, त्याच्या भरवशावर ते आले. वाणिज्यशास्त्रात ज्याला ख्याती म्हणतात, ती हीच. ती मालमत्तेच्या बाजूला लिहिता येते, विकता येते, विकतही घेता येते. पण ती ज्या कष्टांतून निर्माण झाली, ते कष्ट तिच्याबरोबर हस्तांतरित होत नाहीत. ख्याती वापरून विकलेल्या प्रत्येक उण्या मालाने तिच्यातला थोडा अंश खर्ची पडतो आणि त्या खर्चाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. म्हणून नफा दिसतो. वस्तुतः तो भांडवलातून वाटलेला लाभांश असतो. कायदा कंपनीला तसे करू देत नाही. नावलौकिकाच्या बाबतीत मात्र अडविणारा कोणी लेखापरीक्षक नाही. तेथे लेखापरीक्षण गिऱ्हाईक करते आणि या प्रकरणात ते एका सात वर्षांच्या मुलाने केले.

मग दोष कोणाचा? दोष दिग्दर्शकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि चाहत्यांनी तो मारलाही. संतप्त पत्रे त्यांच्याकडे येत राहिली; त्यांत जिवे मारण्याची धमकी देणारे पत्रही होते. एका कार्टूनसाठी एवढा द्वेष धरावा, हे अर्थातच शोभणारे नव्हे. डाइच यांनी पुढील आयुष्यात या भागांच्या उणिवांविषयी आणि तुटपुंज्या साधनांविषयी मोकळेपणाने लिहिले, काही लपविले नाही. मुलांच्या उत्तम पुस्तकांवर त्यांनी नंतर कितीतरी सुंदर लघुपट केले. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या प्रसिद्ध पुस्तकावरील लघुपट त्यांचाच. ज्या कामावर जीव होता, ते त्यांच्या हातून चांगलेच झाले. चूक होती ती न आवडणारे काम, न पाहिलेल्या नमुन्यावरून, न पुरणाऱ्या पैशात करून घेणाऱ्या व्यवस्थेची.

पैसा वाढविला असता, तर प्रश्न सुटला असता काय? पुढील इतिहास तसे म्हणू देत नाही. 1963 पासून ही मालिका चक जोन्स यांच्याकडे आली. हे त्या क्षेत्रातील मोठे नाव. त्यांनी 1967 पर्यंत 34 भाग केले. चित्रे देखणी, रंग मोहक. तरीही ही पात्रे आपली नव्हती, ती आपल्याला पुरेशी उमगली नाहीत, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली. आणि 1975 मध्ये तर खुद्द हॅना-बार्बेरा यांच्या संस्थेनेच दूरचित्रवाणीसाठी नवी मालिका केली. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेबाबत तेव्हा कडक नियम आले होते, म्हणून टॉम आणि जेरी यांना जिवलग मित्र करण्यात आले. जेरीच्या गळ्यात लाल बो आला आणि दोघे हातात हात घालून जगभर हिंडू लागले. पालक निश्चिंत झाले असतील, मुले कंटाळली. घरातील मोठ्यांना हा प्रयोग उद्देशाच्या दृष्टीने स्तुत्य वाटेल आणि तो तसा होताही. पण त्यातही तेच घडले. प्रागमध्ये नात्यातला न्याय गेला होता. येथे नातेच गेले. म्हणजे मूळ निर्मात्यांचा हात असूनही नाव पुरेसे पडले नाही.

या तीन प्रयोगांत अनुक्रमे पैसा अपुरा होता, ओळख अपुरी होती आणि मोकळीक अपुरी होती. कारणे वेगळी; मुलाच्या चेहऱ्यावरचा परिणाम मात्र एकच.

भारतात 1995 मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनी सुरू झाली आणि महाराष्ट्रातील घराघरांत टॉम आणि जेरी पोहोचले. जुने, मधले, नवे असे वेगवेगळ्या काळांतले भाग एकाच नावाखाली येत. कोणता भाग कोणाच्या हातचा, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नसे. त्या वेळी जी मुले होती, ती आज दुकानाच्या गादीवर बसलेली आहेत, कोणी कारखाना पाहत आहेत, कोणी वडिलांच्या नावाने चाललेली पेढी पुढे नेत आहेत. त्यांना आठवण करून दिली, तर बहुतेकांना तो घुमणारा आवाज आणि तो लालबुंद मालक आठवेल. त्या वयात त्यांना जे समजले होते, ते आज स्वतःच्या नावाच्या पाटीखाली बसताना विसरून चालणार नाही. पाटी वारशाने मिळते. पाटीखालचा माल मात्र रोज नव्याने तपासला जातो.

घरातील वडीलधाऱ्यांसाठीही यात एक छोटी सूचना आहे. मूल जेव्हा म्हणते, की हे खरे नव्हे, तेव्हा “कार्टूनच तर आहे” असे म्हणून त्याला गप्प करू नये. त्याने विश्वास टाकला होता, तो अपुरा ठरला, ही त्याच्या आयुष्यातील बहुधा पहिलीच नोंद असते. ती नोंद चुकीची नाही, एवढे कोणीतरी त्याला सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे, की ज्यांनी हा भाग केला, ते वाईट लोक नव्हते; त्यांना ही जोडी नीट भेटलीच नव्हती. मालाला नापसंत करणे आणि माणसाला नापसंत करणे यांतील भेद मुलाला एवढ्या सोप्या उदाहरणातून शिकविण्याची संधी पुन्हा सहज मिळत नाही.

त्या दुपारी आजोबांनी अखेर नातवाला विचारले, “मग बंद करू का?”

“नको,” तो म्हणाला, “पुढचा खरा असेल.”

पुढचा भाग लागला. शीर्षकाचे सूर सुरू झाले. पूर्वी हे सूर कानी पडताच तो धावत येऊन आजोबांच्या मांडीवर बसत असे. आज तो दारातच उभा राहिला. पहिले चित्र नीट पाहिले, टॉमचे पहिले पाऊल पाहिले आणि मगच येऊन बसला.